काचेवरची अंडी

३ सप्टेंबर

आणि वर ताई म्हणते, मी आकडे फेकतो. फेकतो म्हणे! मी आकडा सांगतो तो विचार करूनच सांगतो. पंख्याचा विषय आज तिने पुन्हा उकरून काढला. दीड वर्षापूर्वी पंखा पाठवतो म्हणालो होतो, कबूल. पण मध्ये थंडी आली आणि पंख्याची गरजच संपली. यात माझं काय चुकलं? थंडी मी आणली?

धाकटीला, म्हणजे आमच्या सगळ्यांत लहान बहिणीला, नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी पस्तीस हजार, शेवटची तारीख तीस. मी फोनवर तिथल्या तिथे सांगून टाकलं, पस्तीसच्या पस्तीस मी पाठवतो. मग ताई म्हणाली, बाबा रे, तू आकडा बोलू नकोस, जमेल ते पाठव.

म्हणजे सख्ख्या भावावर एवढाच भरवसा. ठरवलं: पस्तीस नाही, चाळीस पाठवायचे. वरचे पाच तिच्या तोंडावर.

पगार सोळा हजार. राहिलेले चोवीस कुठून आणायचे ते उद्या बघू.

४ सप्टेंबर, शुक्रवार

चोवीसचं आज बघायला वेळ झाला नाही. दिवसभर टाक्या.

माझी लाइन ॲक्वेरियमची. मालक माशांच्या टाक्या लोकांकडे बसवून देतो, आणि दर आठवड्याला जाऊन त्या साफ करायच्या. एकूण अकरा टाक्या. दातांचा दवाखाना, वकिलाचं ऑफिस, दोन हॉटेलं, बाकी किरकोळ. गाडी लांब्या चालवतो, टाकीत हात मी घालतो. म्हणजे हातही माझा आणि डोकंही माझं. लांब्या माझ्याच खोलीत राहतो. उंची सहा फूट दोन इंच. बोलणं आखूड, पण टोचेल असं.

मालकाने गोडाऊनच्या भिंतीवर तीन नियम लिहून लावलेत. नवीन रोप तीन दिवस तुरटीच्या पाण्यात ठेवल्याशिवाय टाकीत लावायचं नाही. एका टाकीची जाळी दुसरीत घालायची नाही. खाणं चिमटीभर. मालक सातवी पास. मी आठवी अर्धी केली आहे. म्हणजे शिक्षणात मी अर्धा वर्ग पुढे, पण भिंत त्याची.

आज दवाखान्यात नवीन रोपं लावायची होती. मॅडम म्हणाल्या, मासेवाले, आजच होईल का, सोमवारी नवीन खुर्ची येतेय, बघायला लोक येतील. आता त्यांना तुरटीचं कुठे सांगत बसू? तुरटी दाढी झाल्यावर गालाला लावतात. रोपाला दाढी असते का? काढली पिशवीतून आणि लावली थेट. मॅडम खूश. लांब्याने विचारलं, तीन दिवस झाले का रे? मी म्हणालो, तू गाडीकडे बघ.

ठरवलं: रोज पाच इंग्रजी शब्द पाठ करायचे. आजचे पाच उद्या.

७ सप्टेंबर

ठरवलं: चोवीस हजारांसाठी जोडधंदा काढायचा. कोणता, ते सुचेल. धंदा सुचावा लागतो, तो शोधून सापडत नाही. लांब्याला हे सांगितलं. त्याने मला उठवून बादल्या धुवायला लावल्या.

११ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी

सुचला! सुचला नाही, सापडला.

दवाखान्याच्या टाकीत एंजल माशांची जोडी आहे. हाताच्या पंजाएवढी. दात दुखणारी माणसंसुद्धा गालावरचा हात काढून बघत राहतात. आज काच पुसायला गेलो तर आतल्या बाजूला जेलीचे थेंब चिकटलेले. पारदर्शक. आत बारीक बारीक ठिपके. पानांच्या खालच्या बाजूलाही तेच. मोजले, चौदा थेंब. एकेका थेंबात दहा तरी ठिपके.

अंडी! जोडीने अंडी घातली!

मॅडमना काही बोललो नाही. काच पुसली, पण थेंबांच्या कडेकडेने. निघताना जोडीला दोन चिमट्या खाणं जास्त टाकलं. बाळंतिणीला उपाशी ठेवून कसं चालेल.

हिशेब: चौदा गुणिले दहा, एकशे चाळीस पिल्लं. दुकानात एंजलचं पिल्लू तीनशेला जातं. बेचाळीस हजार. चोवीस लागत होते, आले बेचाळीस. पगाराला हातही लावावा लागणार नाही.

लांब्याला सांगितलं. म्हणाला, कुणाची अंडी? मी म्हणालो, माशांची, माझी असतील का? म्हणाला, तुझं काही सांगता येत नाही.

१२ सप्टेंबर

सकाळी मॅडमच्या दवाखान्यात पुन्हा गेलो. पंप वाजतोय का बघायला आलो म्हणून सांगितलं. ब्लेडने चौदाच्या चौदा थेंब अलगद सोडवले. एकही फुटला नाही. असं काम शाळेत शिकवत नाहीत.

खोलीवर लांब्याची साखरेची बरणी होती. साखर वर्तमानपत्रात बांधून ठेवली, बरणीत टाकीचं पाणी घेतलं. पण एका बरणीत चौदा थेंब म्हणजे गर्दी. मग डोकं चालवलं. अकरा टाक्या माझ्याच हाताखाली, मग जागेला तोटा काय? चार थेंब बरणीत, चार वकीलसाहेबांच्या टाकीत पाठीमागच्या पानांना, तीन तीन दोन हॉटेलांत. सगळीकडे एकच जाळी वापरली. दर वेळी जाळी बदलत बसलो तर थेंब सुकतील.

याला म्हणतात धंदा. दुसऱ्याची वीज, दुसऱ्याचं पाणी, आणि पिल्लं माझी.

१४ सप्टेंबर

मॅडमना शेवटी सांगून टाकलं. आनंद पोटात मावेना. त्या तर माझ्याहून खूश. खुर्चीवर आ वासून पडलेल्या पेशंटलाही त्यांनी सांगितलं, आमच्या एंजलना पिल्लं होणार आहेत. त्याला काही बोलता आलं नाही, पण मान हलवली.

वकीलसाहेबांनी वीस पिल्लं बुक केली. नातीच्या वाढदिवसाला हवीत म्हणाले. दोन हजार ॲडव्हान्स दिला. मला वाटलं नुसता देतील, पण त्यांनी एक कागद टाइप करून आणला. म्हणाले, यात लिहिलंय, तीस तारखेच्या आत वीस जिवंत एंजल मासे, नाहीतर ॲडव्हान्स परत. मी वाचल्यासारखं करून सही केली. वकिलासमोर फार वेळ वाचलं तर संशय घेतात.

ताईला फोन. सांगितलं, फीचं काम झालं समज. म्हणाली, पैसे आले का हातात? म्हणालो, अंड्यात आहेत. ती किती तरी वेळ हसत होती. मग म्हणाली, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मग एकदम हसायची थांबली. म्हणाली, अरे, पोरीचं एक वर्ष आहे रे. गेलं तर ती परत शिलाई मशीनवर माझ्या शेजारी येऊन बसेल, आणि तिला ते नकोय. तू थट्टा करू नकोस.

थट्टा मी करतोय? हसली कोण?

ठरवलं: चाळीस नाही, पूर्ण बेचाळीस पाठवायचे.

१५ सप्टेंबर

ॲडव्हान्समधून छोटा पंप घेतला, नऊशेचा. पिल्लांचं खाणं, चारशे. राहिलेले सातशे व्हिजिटिंग कार्डांना. शंभर कार्डं. वर माशाचं चित्र. छापणाऱ्याने विचारलं, नावाखाली काय टाकू? म्हणालो, ब्रीडर. शब्द नवीन आहे, पण बरणीत पुरावा आहे.

इंग्रजी शब्द: ब्रीडर. आजचा एकच, पण दमदार.

१७ सप्टेंबर

बरणीतले ठिपके मोठे होतायत. थेंबात हलतातसुद्धा. लांब्याला दाखवले. लांब्या बराच वेळ वाकून बघत होता. म्हणाला, माशाचं अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं, असं मालक म्हणतो. हे सहा दिवस कसलं बसलंय? मी म्हणालो, जितकी जात उंची, तितका वेळ जास्त. हत्तीला बावीस महिने लागतात. तो म्हणाला, माझी साखर कुठे आहे?

मालकाने विचारलं, हॉटेलच्या टाकीतलं पाणी गढूळ का? मी म्हणालो, हवा बदलली. खरी गोष्ट अशी की मी पिल्लांची आधीपासून सोय म्हणून खाणं मूठ मूठ टाकतोय. चिमटीने संसार होत नाहीत.

२१ सप्टेंबर, सकाळी ७.१०

फुटली!!

बरणीच्या काचेवर बारीक बारीक पिल्लं. मोहरीपेक्षा लहान. काचेला चिकटून चालतायत. मासा चालत कसा असेल, हा प्रश्न मलाही पडला होता. पण लहान मूल आधी रांगतं, मग उभं राहतं. तसंच हे रांगतायत. पोहायला लागतील.

पाठीवर एक बारीक टरफल आहे. अंड्याचं राहिलेलं असणार. कोंबडीच्या पिल्लालाही डोक्यावर कवच चिकटलेलं मी पाहिलं आहे. गळून पडेल.

मोजायचा प्रयत्न केला. पन्नासनंतर तीच परत समोर यायला लागली.

ताईला मेसेज केला: झाली. तिचं उत्तर: काय? मी लिहिलं: पिल्लं. तिने पुढे काही लिहिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं असेल.

२२ सप्टेंबर

टरफल अजून गळलं नाही.

लांब्या म्हणाला, अरे उंटावरच्या शहाण्या, या गोगलगाई आहेत. मी म्हणालो, तुला माशांतलं काय कळतं? म्हणाला, माशांतलं नाही कळत, गोगलगाई कळतात. आणि वर म्हणे, गोगलगाय आणि पोटात पाय, ती म्हण तुझ्यासाठीच केली आहे, दिसतोस गरीब आणि सगळ्या गावाच्या टाक्यांत पसरवून आलास.

त्याच्याशी दिवसभर बोललो नाही. गाडीत एकमेकांशेजारी बसून न बोलणं अवघड जातं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

२३ सप्टेंबर

टरफल गळलं नाहीच, उलट वाढलं. त्याला वळण आलंय. पुढून दोन शिंगंही निघालीत.

एंजलला शिंगं असतात का, कुणाला विचारावं? मालकाला विचारता येत नाही.

२४ सप्टेंबर

मला पहिल्यापासून शंका होतीच.

वकीलसाहेबांचा फोन. म्हणाले, काचेवर पन्नास-साठ शंख फिरतायत, माझे अशील माशांऐवजी तेच मोजत बसतात, आणि माझे वीस एंजल कुठे? मी म्हणालो, साहेब, तयारी चालू आहे. ते म्हणाले, आपल्याकडे कागद आहे. त्यांनी कागद हा शब्द असा उच्चारला की मला तो पुन्हा वाचावासा वाटला. पण तो इंग्रजीत आहे.

एका हॉटेलचाही फोन आला. दुसऱ्याचा नाही आला. म्हणजे तिथे सगळं ठीक असावं.

चूक कुणाची, हे शांतपणे बघितलं पाहिजे. रोपवाल्याने रोपांत लपलेल्या गोगलगाई दिल्या, ही पहिली फसवणूक. एंजल जोडीने स्वतः काहीच केलं नाही आणि श्रेय मात्र घेतलं, ही दुसरी. मालकाने नियम लिहिला, पण कारण लिहिलं नाही, ही तिसरी. तुरटीने गोगलगाई आणि त्यांची अंडी मरतात, एवढं एक वाक्य जागेवर लिहिलं असतं तर? तीन ठिकाणी तीन माणसं चुकली आणि निस्तरायचं मी एकट्याने.

संध्याकाळी, सहज विचारतोय असं दाखवून मालकाला विचारलं, दवाखान्यातली एंजल मादी किती वर्षांची असेल? मालक म्हणाला, कसली मादी? दोघेही नर आहेत. भाऊ भाऊ आहेत ते, मीच वाढवलेत.

जेवलो नाही. भूक होती, पण जेवलो नाही.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

दवाखान्याची टाकी. काचेवर पन्नासेक फिरतायत आणि नवे थेंब सगळीकडे. मॅडमनी विचारलं, मासेवाले, पिल्लं दिसत नाहीत? म्हणालो, मॅडम, लाजाळू असतात.

हाताने काढत बसलो. एक काढली की दोन दिसतात. लांब्या म्हणाला, मालकाला सांग, तो करेल काहीतरी, अजून वेळ गेलेली नाही. मी म्हणालो, सांगायची वेळ कधी जात नसते, करायची जाते.

गोडाऊनमधून गोगलगाईंच्या औषधाची निळी बाटली गुपचूप आणली होती. वर लिहिलंय, चाळीस लिटरला एक झाकण. टाकी दोनशे लिटरची, म्हणजे पाच झाकणं. बारा घातली. हा शनिवार-रविवार मॅडम गावाला, दवाखाना बंद, औषधाला निवांत काम करू दे. सोमवारी टाकी चकाचक. मग वकील, मग हॉटेलं. एका आठवड्यात सगळं मिटवतो.

ठरवलं: इथून पुढे धंद्यात भागीदार घ्यायचा नाही. मासासुद्धा नाही.

२६ सप्टेंबर

फीला चार दिवस. वेगळा मार्ग काढला: मालकाकडून उचल मागायची. कारण तयार केलं, बोलायची तालीमही केली. लांब्याला मालक बनवून समोर उभं केलं. मी अर्ध्यात असतानाच तो नाही म्हणाला. मी म्हणालो, अरे, मालक पूर्ण ऐकून तरी घेईल. म्हणाला, मी मालकापेक्षा चांगला माणूस आहे म्हणून लवकर नाही म्हणालो.

उचलीचं सोमवारी.

२८ सप्टेंबर, सोमवार

गोगलगाई मेल्या. हे पहिल्यांदा लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. औषध शंभर टक्के लागू पडलं.

पण मेलेल्या सगळ्या गोगलगाई दोन दिवस त्याच पाण्यात पडून राहिल्या आणि पाणी सडलं. आम्ही पोचलो तेव्हा मॅडम दवाखान्याच्या बाहेर नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. नवीन खुर्ची आत, पेशंट बाहेर. एक आजोबा म्हणाले, मला वाटलं माझाच दात. दोन्ही एंजल पाण्यावर आडवे. बाकीचे बारकेही.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, मासेवाले, मी घरी मुलांना सांगून ठेवलं होतं हो.

मालक आला. पाणी हुंगलं, बाटली बघितली, झाकण बघितलं. मग मला भिंतीकडे घेऊन गेला आणि सगळं विचारलं. मी थोडं थोडं सांगितलं, राहिलेलं लांब्याने. मालक म्हणाला, तुरटी दहा रुपयांची, जोडी साडेपाच हजारांची, आता तूच सांग, आठवी अर्धी कुणाची. मग म्हणाला, वकिलाकडे आणि हॉटेलांत मी स्वतः जातो, तू टाकीला बोट लावू नकोस, बादल्या उचल.

म्हणालो, काढणार का मला? म्हणाला, काढला असता. पण दुसरा माणूस शिकवायचा म्हणजे पुन्हा अकरा टाक्या जायच्या. तुझ्यात माझे पैसे गुंतलेत.

म्हणजे मालकाने माझ्यात गुंतवणूक केली आहे. या प्रसंगी उचल मागणं शोभलं नसतं.

२९ सप्टेंबर

लांब्याने स्वतःहून विचारलं, घरी सांगितलंस का? म्हणालो, उद्या. म्हणाला, उद्या शेवटची तारीख. म्हणालो, माहीत आहे. म्हणाला, मग आज सांग, त्यांना कुणाकडे तरी हात पसरायला एक दिवस मिळेल. आखूड बोलणारी माणसं कधी कधी फार लांबचं बोलतात.

फोन हातात घेतला. बॅटरी सत्तर टक्के होती. ठेवला.

३० सप्टेंबर

पगार झाला. जोडीचे साडेपाच हजार कापले, बाकीच्या माशांचे आणि पाण्याचे बत्तीसशे. वकीलसाहेबांचे दोन हजार, कागदाप्रमाणे. भाडं. खाणावळ. सगळं वळतं होऊन हातात आठशे. पैसे पाठवणाऱ्या एजंटाकडे गेलो तर त्याची पाठवणावळच एकशे साठ.

मग ताईला फोन केला. वाक्य तयार ठेवलं होतं, बाजार अचानक पडला म्हणून. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, फी भरली रे. अठरा तारखेलाच भरली. धाकटीने स्वतः कॉलेजात जाऊन अर्ज दिला, दोन हप्ते करून घेतले. पहिला हप्ता ताईने गणवेश शिवायची ऑर्डर घेतली, तिच्या उचलीतून. दुसरा सहा महिन्यांनी, तो धाकटी सुट्टीच्या दिवशी काम करून काढणार.

मी म्हणालो, मग मला कळवलं का नाहीस? म्हणाली, तू कामात होतास.

म्हणालो, आणि मी पाठवणार होतो त्याचं काय? तर अगदी सहज म्हणाली, रागावलीही नाही, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, तुझे आम्ही धरलेच नव्हते.

बरं झालं. म्हणजे माझ्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. या सगळ्या प्रकरणात हे माझं एक मोठं यश.

मग धाकटीने फोन घेतला. म्हणाली, दादा, वर्गात पांढरे बूट लागतात, सोमवारपासून. साडेनऊशेला आहेत. जमलं तर बघ, नाहीतर मी एका मुलीचे घालते, थोडे घट्ट होतात एवढंच. मी म्हणणार होतो, दोन जोड घे, एक पावसाला. जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हणालो, बघतो.

रांगेत माझ्यापुढे तीन माणसं आहेत, तेवढ्यात उभ्या उभ्या हे लिहितोय. फॉर्मवर आकड्याचा रकाना आहे, त्यात मला वाटलं त्याहून बरीच जागा आहे.

पाठवतोय: सहाशे चाळीस.